अल्सासची द्राक्षवाट : गावे, तळघरे आणि मधल्या पायवाटा

फ्रान्सच्या पूर्व टोकाला, व्होज पर्वतरांग आणि ऱ्हाईन नदी यांच्यामध्ये, अल्सास नावाची एक चिंचोळी पट्टी उत्तर-दक्षिण पसरलेली आहे. या पट्टीत डोंगराच्या पायथ्यालगत, मार्लनहाइमपासून तानपर्यंत सुमारे १७० किलोमीटरचा ‘वाइन मार्ग’ १९५३ साली आखण्यात आला. त्या मार्गावरची तटबंदीची गावे, लाकडी चौकटीची घरे आणि चर्चच्या कळसाला भिडलेल्या द्राक्षबागा यांची छायाचित्रे आता सर्वांच्या परिचयाची झाली आहेत. तेथे जाणाऱ्या बहुतेकांचा बेतही ठरलेला असतो. मुक्काम स्ट्रासबर्गला करायचा, सकाळी बसने निघून दिवसभरात चार गावे उरकायची आणि अंधार पडायच्या आत परतायचे. या बेतात गावे पाहिली जातात ती नेमकी अकरा ते चार या गर्दीच्या वेळेत, आणि दोन गावांमधला द्राक्षाचा उतार बसच्या काचेतून मागे पळतो. माझ्या मते हा प्रदेश त्या उतारावरच समजतो. म्हणून पुढील मार्गदर्शन कमी गावे, गावातच मुक्काम आणि एका गावातून दुसऱ्या गावात पायी जाणे, या तीन गोष्टी धरून लिहिले आहे.

निघण्यापूर्वी : डोंगर, पाऊस आणि सीमा

महाराष्ट्रातल्या माणसाला अल्सासचा भूगोल चटकन उमगतो. मोसमी वारे सह्याद्रीच्या माथ्यावर रिते होतात आणि महाबळेश्वरच्या पूर्वेला माण-खटाव कोरडे राहतात. अगदी तसेच अटलांटिकवरून येणारे ढग व्होजच्या पश्चिम उतारावर आणि माथ्यावर पाऊस पाडतात. माथ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी पडते, तर डोंगराआड असलेले कोलमार हे फ्रान्समधल्या सर्वांत कोरड्या शहरांपैकी एक आहे. या पर्जन्यछायेमुळेच इतक्या उत्तरेला द्राक्षे पिकतात. बागा साधारण दोनशे ते चारशे मीटर उंचीवर, पूर्वेकडे व आग्नेयेकडे तोंड करून लावलेल्या असतात, म्हणजे सकाळचे ऊन त्यांना पुरेपूर मिळते.

नाशिक किंवा सांगली भागातली द्राक्षशेती ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना आणखी एक फरक जाणवेल. आपल्याकडे वेल खऱ्या अर्थाने झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी हिवाळ्याच्या अखेरीस होते. अल्सासमध्ये वेल थंडीत पूर्ण सुप्तावस्थेत जातो. तेथे छाटणी एकदाच, हिवाळ्यात होते आणि काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. जानेवारीत तेथे गेल्यास तारांवर बांधलेली काळी खोडे आणि छाटणी करणारी माणसे एवढेच दिसेल.

दुसरी समजून घेण्याची गोष्ट म्हणजे सीमा. १६४८च्या वेस्टफालियाच्या तहानंतर हा प्रदेश टप्प्याटप्प्याने फ्रान्सकडे आला, स्ट्रासबर्ग १६८१ साली चौदाव्या लुईने घेतले. १८७१मध्ये अल्सास जर्मनीकडे गेला, १९१८मध्ये परत आला, १९४०मध्ये नाझी जर्मनीने तो गिळला आणि १९४५मध्ये तो पुन्हा फ्रान्सचा झाला. याचे पडसाद प्रवाशाला रोज भेटतात. गावांची नावे जर्मन वळणाची आणि त्यांचे उच्चार फ्रेंच, रस्त्यांच्या पाट्या अनेक ठिकाणी फ्रेंच आणि अल्सेशियन अशा दोन भाषांत. उरलेल्या फ्रान्समध्ये दुहेरी मार्गावर आगगाडी आपल्यासारखी डाव्या रुळावरून धावते, अल्सासमध्ये मात्र जर्मन काळापासून उजव्या. गुड फ्रायडे आणि २६ डिसेंबर या दोन दिवशी बाकी फ्रान्समध्ये सार्वजनिक सुटी नसते, येथे असते. त्या दिवशी दुकाने बंद राहतात, हे बेत आखतानाच ध्यानात घ्यावे.

केव्हा जावे

मे महिन्याच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंतचा काळ चालण्यासाठी उत्तम. दिवस मोठा असतो, वेलींना पालवी आलेली असते आणि वाइन तयार करणाऱ्या कुटुंबांपाशी पाहुण्यांसाठी सवड असते. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही वाढतात. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत काढणी चालते. तेव्हाचा वास, ट्रॅक्टरची वर्दळ आणि पिवळा पडू लागलेला डोंगर यांना तोड नाही, पण त्याच दिवसांत शेतकरी पहाटेपासून बागेत असतो, त्यामुळे तळघरात निवांत चव घेण्याची अपेक्षा ठेवू नये. काढणीच्या दिवसांत बागांतल्या काही पायवाटा बंद केल्याच्या पाट्याही लागतात. त्या पाळाव्यात, आणि पाटी असो वा नसो, वेलीवरचा एकही घड तोडू नये.

नोव्हेंबरच्या अखेरीपासून नाताळपर्यंत बाजार भरतात. स्ट्रासबर्गचा नाताळ-बाजार १५७० सालापासूनचा आहे. तो पाहण्यासारखा आहे, मात्र शनिवार-रविवारी कोलमारच्या गल्ल्यांतून चालणेही कठीण होते आणि खोल्यांचे भाव फार चढतात. नाताळच्या बाजारासाठीच जायचे असेल तर मंगळवार ते गुरुवार हे दिवस निवडावेत. जानेवारी ते मार्च या काळात पुष्कळ लहान खाणावळी आणि पाहुणघरे बंद असतात.

परवाना, विमान आणि रेल्वे

शेंगेन व्हिसासाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्याच्या सुटीत मुलाखतीच्या वेळा भराभर भरतात, म्हणून तीन महिने आधी तयारीला लागावे. प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय विमाछत्र सक्तीचे आहे. ज्या देशात सर्वाधिक रात्री काढायच्या, त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. विमान फ्रँकफर्टला उतरणार असले तरी मुक्काम अल्सासमध्ये असेल तर अर्ज फ्रान्सकडेच करावा.

मुंबईहून पॅरिसला थेट विमान आहे. पॅरिसच्या ‘गार द लेस्त’ स्थानकावरून अतिजलद गाडी पावणेदोन तासांत स्ट्रासबर्गला पोहोचते, आणि शार्ल द गोल विमानतळावरूनही स्ट्रासबर्गसाठी थेट गाड्या सुटतात. या गाड्यांचे भाडे दिवस जवळ येईल तसे वाढते, म्हणून तिकीट लवकर काढावे. दुसरा रस्ता स्वित्झर्लंडकडून आहे. झुरिकला उतरून बाझलमार्गे गेल्यास बाझल ते कोलमार हे अंतर रेल्वेने पाऊण तासाचे आहे. स्वित्झर्लंडची सहल जोडायची असेल तर हाच मार्ग सोयीचा. स्ट्रासबर्ग ते कोलमार प्रादेशिक गाडी अर्ध्या तासात नेते आणि तिचे तिकीट आगाऊ काढण्याची गरज नसते.

मुक्काम कोठे करावा

पाच-सहा रात्रींचा बेत असेल तर एक किंवा दोन रात्री स्ट्रासबर्ग आणि उरलेल्या सर्व रात्री दक्षिणेकडे, अशी विभागणी करावी. रेल्वे आणि बसवर अवलंबून असणाऱ्यांनी कोलमार निवडावे, कारण बहुतेक बसमार्ग तेथूनच सुटतात. गाडी भाड्याने घेणाऱ्यांनी सरळ गावात राहावे. रिबोविले, कायझर्सबेर्ग, एगिसहाइम किंवा बेर्गहाइम यांपैकी कोणतेही चालेल. अनेक द्राक्ष-बागायतदार आपल्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देतात, सकाळी न्याहारीला घरचा मुरंबा मिळतो आणि तळघर खालीच असते. संध्याकाळी पाच-सहानंतर बसगाड्या निघून गेल्या की ही गावे पुन्हा गावकऱ्यांची होतात. हौदावर पाणी भरणारी मुले, दारात खुर्ची टाकून बसलेल्या आजीबाई आणि धुराड्यावरच्या घरट्यात चोच वाजवणारा करकोचा हे सगळे त्या वेळेला पाहायला मिळते.

करकोच्याचा उल्लेख झालाच आहे तर सांगितले पाहिजे की अल्सासचे हे प्रतीक १९७०च्या दशकात जवळजवळ नाहीसे झाले होते, प्रदेशात जेमतेम दहाएक जोड्या उरल्या होत्या. पिंजऱ्यात पैदास करून आणि स्थलांतराची ओढ मंदावेपर्यंत काही वर्षे सांभाळून त्यांची संख्या पुन्हा वाढवण्यात आली. हुनाव्हीर गावात या कामाचे केंद्र आहे आणि तेथे लहान मुलांना न्यावे.

फिरायचे कसे

मोटार घेतली तर स्वातंत्र्य मिळते, पण दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली म्हणजे उजव्या बाजूने चालवणे, ज्याची सवय व्हायला आपल्याला एक दिवस लागतो. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना निघण्यापूर्वी परिवहन कार्यालयातून काढून घ्यावा. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. फ्रान्समध्ये रक्तातील मद्याची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे आणि नवशिक्या चालकांसाठी ०.२. तीन-चार तळघरांत चव घेतल्यावर ही मर्यादा कधी ओलांडली हे कळत नाही. चालकाने त्या दिवशी चवीपुरते घेऊन थुंकावे, नाहीतर गाडी मुक्कामी ठेवावी.

बसने कोलमारहून कायझर्सबेर्ग, रिकवीर आणि रिबोविले गाठता येतात. रविवारी आणि सुटीच्या दिवशी फेऱ्या फारच कमी असतात, काही मार्गांवर नसतातच, तेव्हा परतीची शेवटची बस कितीची हे सकाळी थांब्यावरच टिपून ठेवावे. उत्तर भागात मॉल्सहाइम, ओबेर्ने, बार आणि दांबाख-ला-व्हिल ही गावे रेल्वेवर आहेत. कोलमारपासून तुर्कहाइम रेल्वेने काही मिनिटांवर आहे. सायकलवाल्यांसाठी बागांमधून जाणारा खुणा केलेला मार्ग मार्लनहाइमपासून तानपर्यंत आहे. चढ-उतार पुष्कळ असल्याने विजेवर चालणारी सायकल भाड्याने घेणे शहाणपणाचे ठरते.

पहिला दिवस : स्ट्रासबर्ग

शहराचा मध्यभाग म्हणजे इल नदीच्या दोन फाट्यांनी वेढलेले बेट, ते १९८८ साली जागतिक वारसा यादीत गेले. गुलाबी वालुकाश्माच्या कॅथीड्रलचा १४२ मीटर उंचीचा एकच कळस १४३९मध्ये पुरा झाला, दुसरा कधीच बांधला गेला नाही. १६४७ ते १८७४ या काळात ही जगातली सर्वांत उंच इमारत होती. सुमारे ३३० पायऱ्या चढून गच्चीवर गेल्यास पश्चिमेला व्होज आणि पूर्वेला जर्मनीतली ब्लॅक फॉरेस्ट ही डोंगररांग एका नजरेत येते. ज्या पट्टीत पुढचे चार दिवस काढायचे तिचा नकाशा तेथेच डोक्यात बसतो.

कॅथीड्रलनंतर बहुतेक जण ‘पेतित फ्रान्स’च्या कालव्यांकडे वळतात, आपणही वळावे. परंतु त्यानंतर नदीपलीकडच्या जुन्या रुग्णालयाचे तळघर चुकवू नये. १३९५ सालापासूनच्या या तळघरात १४७२ सालची पांढरी वाइन एका पिंपात अजून जपलेली आहे. पाचशे वर्षांत ती फक्त तीनदा चाखायला काढण्यात आली. त्यांतली पहिली वेळ मजेशीर आहे. १५७६मध्ये झुरिकची मंडळी भरड धान्याच्या लापशीचे भले मोठे भांडे नावेत घालून, एका दिवसात नदीमार्गे, लापशी निवायच्या आत स्ट्रासबर्गला पोहोचली. संकट आले तर आम्ही किती लवकर मदतीला येऊ शकतो, हे त्यांना दाखवायचे होते. त्या लापशीच्या बदल्यात त्यांना ही वाइन मिळाली. शेवटची वेळ होती १९४४ साली, शहर मुक्त करणारे जनरल लक्लेर्क यांच्यासाठी.

दुसरा दिवस : उत्तरेची शांत गावे आणि किल्ला

उत्तर अल्सासकडे प्रवासी फारसे वळत नाहीत, त्यामुळे सुरुवात तेथून करावी. आंदलो गावातल्या मठाची स्थापना सम्राज्ञी रिखार्दिस हिने ८८० सालच्या सुमारास केली. जमीन उकरणाऱ्या अस्वलिणीने तिला जागा दाखवली अशी आख्यायिका आहे आणि चर्चच्या तळघरात दगडी अस्वल आजही बसलेले आहे. गावामागच्या कास्तेलबेर्ग या उभ्या उतारावर काळसर, पानापानांच्या थराचा शिस्ट खडक आहे. ज्यांना ‘मातीची चव’ म्हणजे काय हे समजून घ्यायचे आहे त्यांनी तेथील रिझलिंग (याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन) आवर्जून चाखावी. शेजारचे मितेलबेर्गहाइम हे गाव सिल्व्हानेर या साध्या समजल्या जाणाऱ्या द्राक्षासाठी प्रसिद्ध आहे.

दुपारी सेलेस्ताला थांबावे. मानवतावादी विद्वान बेआतुस रेनानुस याने १५४७ साली मरताना आपला ग्रंथसंग्रह या आपल्या गावाला दिला. तो संग्रह जवळजवळ जसाच्या तसा येथील ग्रंथालयात आहे आणि २०११मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत गेला. नाताळच्या झाडाचा एक अतिशय जुना लेखी उल्लेखही याच गावच्या १५२१ सालच्या हिशेबात सापडतो. सेलेस्ता स्थानकावरून हंगामात किल्ल्यापर्यंत बस जाते.

तो किल्ला म्हणजे ओ-क्योनिग्सबूर. सातशे मीटरहून उंच डोंगरावरच्या या किल्ल्याचा पहिला उल्लेख ११४७ सालचा. १६३३मध्ये तीस वर्षांच्या युद्धात स्वीडिश फौजांनी वेढा घालून तो जाळला. आज दिसतो तो किल्ला जर्मन सम्राट (कैसर) दुसऱ्या विल्यमसाठी वास्तुकार बोडो एबहार्ट याने १९०० ते १९०८ दरम्यान पुन्हा उभारलेला आहे. अल्सास हा जर्मन साम्राज्याचा जुना भाग आहे, हे दगडांतून सांगण्याचा तो प्रयत्न होता. आपल्याकडच्या ढासळलेल्या तटांची सवय असलेल्या डोळ्यांना ही डागडुजी जरा जास्तच नीटनेटकी वाटते, पण गडकोटांची आवड असणाऱ्यांनी ती पाहून स्वतः मत बनवावे.

तिसरा दिवस : रिकवीर ते रिबोविले, पायी

एकच दिवस हाती असेल तर तो येथे खर्च करावा. सकाळी आठच्या सुमारास रिकवीरला पोहोचावे. दुसऱ्या महायुद्धात हे गाव जवळपास शाबूत राहिले, त्यामुळे सोळाव्या-सतराव्या शतकातली घरे रांगेने उभी आहेत, आणि वरच्या टोकाला १२९१ सालचा दोल्देर बुरूज आहे. नऊ वाजेपर्यंत मुख्य रस्त्यावर पाव पोहोचवणारी गाडी आणि आपण एवढेच असतो. दहा वाजले की गाव सोडावे आणि खुणांच्या पाट्या धरून उत्तरेकडे बागांत शिरावे.

पाऊण तासाच्या आत हुनाव्हीर येते. टेकडीवरच्या तेथील चर्चभोवती स्मशानभूमी आणि तिच्याभोवती बुरुजांसकट तटबंदी आहे. संकटात गावकरी तेथेच आसरा घेत. हे चर्च कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असे दोन्ही पंथ वाटून वापरतात. त्याचे कारण असे की रिकवीर आणि आसपासची गावे फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत व्यूर्टेंबर्गच्या प्रोटेस्टंट सरदारांकडे होती, आणि चौदाव्या लुईच्या राजवटीत कॅथलिकांनाही त्याच चर्चमध्ये वाटा देण्यात आला. तटाच्या भिंतीशी बसून खाली पाहिले की बागेची एकेक पट्टी किती लहान आहे हे दिसते. वारसाहक्काने तुकडे होत होत एका कुटुंबाची जमीन दहा-वीस ठिकाणी विखुरलेली असते. हे दुःख आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

तेथून रिबोविले साधारण तेवढेच दूर आहे. गावावर तीन पडके किल्ले आहेत आणि ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी दुपारी निदान त्यांतल्या सेंट-उल्रिखपर्यंत चढावे. येथले सरदार फिरत्या वादकांचे आश्रयदाते होते, त्या आठवणीत सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी वादकांची मिरवणूक निघते. संपूर्ण चालणे चार-पाच किलोमीटरचे आहे, पण त्याला अख्खा दिवस द्यावा. वाटेत सावली जवळजवळ नसते. टोपी आणि पाणी सोबत असू द्यावे.

चौथा दिवस : कायझर्सबेर्ग आणि युद्धाच्या खुणा

कायझर्सबेर्गमध्ये १५१४ सालचा तटबंदीचा पूल आहे, आफ्रिकेत रुग्णसेवा करणारे नोबेलविजेते डॉक्टर अल्बर्ट श्वाइट्झर यांचे १८७५ सालचे जन्मस्थान आहे, आणि १६१८ सालची एक विहीर आहे जिच्यावर जेवणासोबत पाणी प्याल तर पोट गारठेल, त्यापेक्षा जुनी वाइन बेताने प्या, अशा आशयाचा लेख कोरलेला आहे. विहिरीनेच असा सल्ला द्यावा हे मला फार आवडले.

रिकवीर आणि कायझर्सबेर्ग यांच्या जवळच्या बेनव्हीर, सिगोल्सहाइम, आमेरश्व्हीर या गावांत घरे साधी आणि नवी दिसतात. पर्यटक ती वगळतात. १९४४-४५च्या हिवाळ्यात कोलमारभोवती अडकलेल्या जर्मन फौजांशी झालेल्या, ‘कोलमार खिसा’ म्हणून ओळखल्या गेलेल्या लढाईत ही गावे जमीनदोस्त झाली. सिगोल्सहाइमच्या टेकडीवर, चारही बाजूंनी द्राक्षबागांनी वेढलेले सैनिकी स्मशान आहे. त्यात उत्तर आफ्रिकेतल्या मुस्लिम सैनिकांच्या कबरीही आहेत. शेजारी सुरेख गाव का वाचले आणि हे का नाही, याला लढाईची रेषा कोठून गेली याखेरीज उत्तर नाही. तासभर तेथे घालवावा.

पाचवा दिवस : कोलमार, एगिसहाइम, तुर्कहाइम

कोलमारला सकाळी उंटरलिंडन संग्रहालयात जावे, मंगळवारी ते बंद असते. मातियास ग्रुनेवाल्डने १५१२ ते १५१६ दरम्यान रंगवलेले इझेनहाइमचे वेदीचित्र हे येथे येण्याचे मुख्य कारण. ते ज्या मठासाठी काढले तेथे बुरशी लागलेल्या राय धान्यामुळे होणाऱ्या, अंगाची आग करणाऱ्या आणि हातपाय झडवणाऱ्या रोगाचे रुग्ण ठेवत. क्रुसावरच्या येशूचे शरीर व्रणांनी भरलेले रंगवले आहे ते त्या रुग्णांना आपले वाटावे म्हणून. चित्राचे सर्व पदर पाहायला एक तास लागतो.

नंतर जुन्या गावात १५३७ सालचे फिस्टर घर, १६०९ सालचे शंभराहून अधिक मुखवट्यांचे घर आणि १४८० सालची जकातीची इमारत पाहावी. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचे शिल्पकार बार्तोल्दी १८३४ साली याच गावात जन्मले. जकातघरासमोरच्या कारंज्यावर त्यांनी घडवलेला सेनानी श्वेंडी हातात द्राक्षवेल उंचावून उभा आहे. त्याने हंगेरीतल्या तोकाय या वाइनसाठी प्रसिद्ध भागातून द्राक्षे आणली अशी कथा आहे. प्रत्यक्षात अल्सासमध्ये ‘तोके’ नावाने विकला जाणारा द्राक्षाचा वाण म्हणजे बरगंडीकडचा पिनो ग्री, हंगेरीच्या द्राक्षाशी त्याचा संबंध नाही. हंगेरीशी झालेल्या करारानुसार २००७पासून ते नावही बाटलीवरून गेले. पुतळा मात्र वेल उंचावून उभाच आहे.

एगिसहाइम कोलमारहून सात-आठ किलोमीटरवर आहे. किल्ल्याभोवती वर्तुळाकार गल्ल्या असलेल्या या गावात पोप नववे लिओ १००२ साली जन्मले असे मानतात. ते संध्याकाळी पाहावे. मे ते ऑक्टोबर या काळात रात्री दहा वाजता तुर्कहाइमचा रात्रपहारेकरी कंदील घेऊन गात गावातून फिरतो. तेवढ्यासाठी जागे राहायला हरकत नाही, पण परतीची सोय आधी करून ठेवावी.

तळघरात कसे वागावे आणि काय प्यावे

अल्सासची नव्वद टक्के वाइन पांढरी असते, उंच, सडपातळ बाटलीत भरलेली. १९७२पासून ती प्रदेशातच भरण्याचे बंधन आहे. फ्रान्समध्ये इतरत्र बाटलीवर प्रामुख्याने गावाचे नाव असते, येथे द्राक्षाच्या जातीचे असते, त्यामुळे नवख्या माणसाला सोपे जाते. याच्या वरचा दर्जा ‘ग्राँ क्रू’ म्हणजे ५१ ठरावीक उतारांचा, त्या बाटलीवर उताराचे नाव येते.

मोठ्या गावांतली दुकानवजा केंद्रे टाळून दारावर चवीची पाटी असलेल्या घरगुती बागायतदाराकडे जावे, आदल्या दिवशी फोन करून वेळ घ्यावी आणि दुपारी बारा ते दोन या वेळेत दार वाजवू नये. आत शिरताना ‘बोंझुर’ म्हणणे हा निव्वळ उपचार नव्हे, ते न म्हणता बोलायला सुरुवात करणे उद्धटपणा मानला जातो. क्रम असा धरावा : आधी सिल्व्हानेर किंवा पिनो ब्लाँ, मग रिझलिंग, मग पिनो ग्री, आणि शेवटी गुलाब-लिचीच्या वासाची गेवुर्त्सत्रामिनेर. गोडाकडून कोरड्याकडे गेल्यास कोरडी वाइन आंबट लागते. २०२१च्या उत्पादनापासून बाटलीवर गोडीची पायरी लिहिणे बंधनकारक आहे. ‘सेक’ म्हणजे कोरडी, त्यानंतर ‘दमी-सेक’, ‘मोएलो’ आणि ‘दू’ अशा चढत्या गोडीच्या पायऱ्या. थुंकण्यासाठी ठेवलेले भांडे वापरण्यात कोणताही अपमान नाही. चव फुकट मिळाली असेल तर निघताना एक-दोन बाटल्या घेणे ही रीत आहे.

घरात वाइन न घेणारी वडीलधारी मंडळी असतील तर त्यांनी मागे राहण्याचे कारण नाही. अनेक बागायतदार द्राक्षाचा ताजा रसही विकतात, आणि पिंपांवरची नक्षी व दाबयंत्रे पाहण्यात त्यांचा वेळ बरा जातो.

जेवण, विशेषतः शाकाहारी जेवण

अल्सासचा स्वयंपाक डुकराच्या मांसावर उभा आहे, हे आधीच मान्य करावे. शुक्रूत म्हणजे आंबवलेली कोबी सॉसेजसह येते आणि कांद्याच्या तार्तमध्येही (भट्टीत भाजलेल्या, वरून उघड्या पोळीतही) बहुधा मांसाचे तुकडे असतात. तरीही उपाशी राहावे लागत नाही. पातळ पोळीवर मलई आणि कांदा पसरून भट्टीत भाजलेली फ्लामेकुश ‘लार्दों’शिवाय (डुकराच्या मांसाच्या तुकड्यांशिवाय) मागावी, मशरूमची मिळाली तर उत्तम. मऊ, चक्क्यासारख्या चीजबरोबर उकडलेले वा परतलेले बटाटे देणारा ‘बिबेलेसकेस’ हा पदार्थ बहुधा पूर्ण शाकाहारी असतो आणि आपल्या जिभेला जवळचाही वाटतो. वसंतात पांढरी शतावरी मिळते. मुन्स्टर चीज चवदार आहे, मात्र पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातले विरजण वापरतात, हे काटेकोर शाकाहाऱ्यांनी जाणून घ्यावे. कुगेलहोफ हा गोड पाव घ्यावा, त्याचा खारा प्रकार मांस घातलेला असतो.

खाणावळीची भट्टी बारा ते दोन आणि सात ते नऊ एवढीच पेटते. एकदा सव्वादोनला एका खेड्यात पोहोचल्यावर मला केवळ कॉफी आणि सहानुभूती मिळाली, त्यानंतर पिशवीत पाव, फळे आणि पुण्याहून नेलेली चिवड्याची पुडी कायम ठेवली. ‘कराफ दो’ मागितल्यास नळाचे पाणी मोफत देतात. सेवाशुल्क बिलातच धरलेले असते.

बाटल्या घरी नेताना

भारतात प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्काविना आणता येते. बाटली पाऊण लिटरची असल्याने एकट्याला दोनच बाटल्या बसतात, तिसरी घेतली की मर्यादा मोडते. बाटल्या मोज्यांत आणि लोकरी कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत, मध्यभागी ठेवाव्यात, हातातल्या सामानात त्या चालत नाहीत. घरी आल्यावर त्या कपाटावर न ठेवता फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आडव्या ठेवाव्यात, मुंबई-पुण्याच्या मेमध्ये महिनाभरात चांगली रिझलिंगही उतरते. सिल्व्हानेर वर्षाच्या आत संपवावी. गेवुर्त्सत्रामिनेर थोडी गोडसर असेल तर ती आपल्या तिखट रश्श्यापुढेही टिकते, तेव्हा तिच्यासाठी वेगळे जेवण रांधायची गरज नाही.